हातातून गेलेली हदीस

गेल्या पावसाळ्यात भाचीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा वास, मागच्या रांगेत पोरं वेफर्सची पाकिटं फोडतायत, आणि स्टेजवर पाहुण्यांचं भाषण चालू. चांगलं बोलत होते, आपला समाज, शिक्षण, मुली पुढे आल्या पाहिजेत, आणि मग ते वाक्य आलं जे अशा भाषणात येतंच येतं, "प्रेषितांनी सांगून ठेवलंय, ज्ञान मिळवा, त्यासाठी चीनला जावं लागलं तरी जा." टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या. माझ्या शेजारी आमच्या मोहल्ल्यातले तरुण मौलाना बसले होते, मदरशातून शिकून नुकतेच परत आलेले, त्यांचे हात मांडीवरच. मी बघतेय म्हटल्यावर हळूच म्हणाले, "आपा, याची सनद बरोबर नाही. ही हदीस साबित नाही." हदीस म्हणजे प्रेषितांचं म्हणून सांगितलं गेलेलं वचन, आणि सनद म्हणजे ते कुणी कुणाकडून ऐकलं त्या माणसांची साखळी. एवढंच बोलले. नंतर पाहुण्यांना गाठून काही ऐकवलं नाही, वाद घातला नाही, चहा घेतला आणि असरच्या नमाजला निघून गेले.

मला राग आला.

वाक्य कुठून का आलेलं असेना, काम तर चांगलं करतंय ना? आमच्या घरात तर त्याने खरंच काम केलंय. दादीला अक्षरओळख नव्हती, उर्दू नाही की मराठी नाही. पण फुफीला, म्हणजे आत्याला, चिपळूणला कॉलेजात पाठवायचं की नाही यावरून घरात खडाजंगी झाली तेव्हा तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता, मागे वळूनही न बघता तिने दादांना ऐकवलं होतं, "त्यांनी चीनला जा म्हणून सांगितलंय, आणि तुमच्याच्याने पोरीला चिपळूणला पाठववेना?" दादा उठून अंगणात गेले ते बराच वेळ आत आलेच नाहीत. फुफी कॉलेजात गेली, मग डीएड केलं, आणि रिटायर होईपर्यंत शिकवत राहिली. अशा वाक्याची सनद विचारायची म्हणजे देवाघरच्या दाराशी उभं राहून आतल्या माणसाचं ओळखपत्र मागण्यासारखं वाटलं मला. पण मौलानांचं ते शांतपणे सांगणं डोक्यातून जाईना. त्यांना पाहुण्यांना खोटं पाडायचं असतं तर ते जोरात बोलले असते. ते तसं काही करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर थोडं वाईट वाटल्याचंच दिसत होतं.

शोधलं तर मौलाना बरोबर होते. प्रेषितांचे सोबती हजरत अनस (रजि.) यांच्या नावावर ते वाक्य सांगणारा जो अबू आतिका नावाचा रावी, म्हणजे हदीस पुढे सांगणारा, आहे, त्याला जुन्या जाणकारांनी कधीच बाजूला काढलंय. इब्न हिब्बान त्या वाक्याला निराधार म्हणतात आणि इब्नुल जौझींनी तर ते बनावट हदीसांच्या संग्रहातच टाकलंय. ठीक आहे. पण मला आता प्रश्न वेगळाच पडला होता, की ही कसली माणसं होती? आपल्याला आवडलेलं, मनाला भिडलेलं, लोकांच्या भल्याचं वाक्य हातात घ्यायचं आणि तरी विचारायचं की तुला कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, तो त्याला भेटला होता का. कोरडी असतील का मनाने? हे वाचत वाचत मी पोचले शोअबा बिन हज्जाज या हदीस पारखणाऱ्या जुन्या जाणकारापर्यंत, आणि तिथेच अडकले, अजून अडकलेलीच आहे.

शोअबा मूळचे वासितचे, म्हणजे इराकमधलं, कूफा आणि बसऱ्याच्या मधलं शहर, पण आयुष्य गेलं बसऱ्यात आणि वारलेही तिथेच, हिजरी १६० मध्ये, इसवी सनाच्या हिशोबाने ७७६ च्या सुमारास. तरुणपणी त्यांना नाद होता कवितेचा. तिरिम्माह नावाच्या कवीकडे जाऊन बसायचे, शेर विचारायचे. एक दिवस जाता जाता हकम बिन उतैबा हदीस सांगताना कानावर पडले आणि हे शेरांपेक्षा सुंदर आहे असं वाटून माणूस तिकडे वळला तो वळलाच. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सनदेच्या मागे लागलेला हा माणूस हिशोबनीस वृत्तीचा नव्हता, सुंदर बोलण्याने वेडा होणारा होता, आणि तरीही, किंवा त्याचमुळे, इतका कडक झाला.

कडक म्हणजे किती, तर कतादा हे त्यांचे मोठे गुरू, त्यांच्यासमोर बसून हे त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. कतादा "आम्हाला अमक्याने सांगितलं" म्हणाले की लिहून घ्यायचं, नुसतं "अमका म्हणाला" म्हणाले की लेखणी थांबली. कारण दुसऱ्या प्रकारात मधला एखादा माणूस गाळलेला असू शकतो, स्वतः न ऐकता ऐकल्यासारखं सांगितलेलं असू शकतं. त्या गाळण्याला ते खोटेपणाचा भाऊ म्हणायचे. गुरूच्या ओठांवर अशी पाळत ठेवायची आणि तरी त्याच गुरूच्या पायाशी वर्षानुवर्षं बसायचं, हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमलं असेल. एकच हदीस पुन्हा पुन्हा जाऊन ऐकायचे, ज्याच्याकडून दहा ऐकल्या त्याच्याकडे दहापेक्षा जास्त वेळा गेलोय असं स्वतः सांगायचे. पैसा नव्हताच. "हदीसच्या मागे जो लागला तो कंगाल झाला, मी आईचं तस्त विकलंय सात दिनारला" हे त्यांचंच वाक्य. आईचं तस्त! तांब्यापितळेचं ते भांडं, हात धुवायचं, मला एकदम आमच्या घरातलं कलई केलेलं तस्त आठवलं, लग्नात आलेलं, दादीने कुणाला हात लावू दिला नाही असं. तसं भांडं विकून हा माणूस वाक्यांच्या मागे हिंडत होता.

त्यांचे दोन भाऊ, बश्शार आणि हम्माद, सराफीचा धंदा करायचे आणि घर त्यांच्यावर चालायचं. शोअबा शिकायला येणाऱ्या पोरांना सांगायचे, बाजार सोडू नका रे, मी भावांच्या जिवावर जगतोय. आता गंमत बघा, त्यांचे शिष्य अब्दुर्रहमान बिन महदी पुढे हदीसच्या पारखीबद्दल बोलताना सराफाचाच दाखला देतात. नाणी घेऊन सराफाकडे गेलात, तो म्हणाला हे खरं, हे खोटं, तर तुम्ही मान्य करता ना, की कशावरून म्हणून हुज्जत घालत बसता? एका घरात भाऊ दिरहम वाजवून बघतायत आणि हे माणसं.

आता ती गोष्ट सांगते जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. खतीब बगदादींनी हदीससाठी केलेल्या प्रवासांवर एक पुस्तक लिहिलंय, त्यात ती येते. सांगणारा आहे नस्र बिन हम्माद. तो म्हणतो, आम्ही शोअबांच्या दारात बसून उजळणी करत होतो. मी म्हटलं, इस्राईलनी सांगितलं, त्यांना अबू इस्हाकनी, त्यांना अब्दुल्लाह बिन अताने, त्याला उकबा बिन आमिरनी, की आम्ही आळीपाळीने उंट राखायचो, आणि एक दिवस मी आलो तर प्रेषित (स.) सांगत होते, जो नीट वुजू करेल, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवेल, दोन रकात नमाज पढेल आणि माफी मागेल त्याला माफी मिळेल. एवढ्यात शोअबा घरातून बाहेर आले आणि त्यांनी नस्रच्या थोबाडीत मारली, आणि परत आत निघून गेले. थोड्या वेळाने बाहेर आले तर हा कोपऱ्यात बसून रडतोय. "याला काय झालं, अजून रडतोय?" म्हणून विचारतात. जवळ अब्दुल्लाह बिन इद्रीस होते, ते म्हणाले, तुम्ही वाईट वागलात त्याच्याशी. तेव्हा शोअबा म्हणाले, बघा ना काय सांगतोय तो! आणि मग त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली.

की ही हदीस मी अबू इस्हाककडून कूफ्यात ऐकली तेव्हा विचारलं, या अब्दुल्लाहने उकबांकडून स्वतः ऐकली का? म्हातारा संतापला. शेजारी मिसअर बसले होते ते म्हणाले, शेखना कशाला चिडवलंस, अब्दुल्लाह बिन अता जिवंत आहे, मक्केत आहे. तसा मी त्या वर्षी मक्केला निघालो, हज डोक्यात नव्हती, हदीस होती. अब्दुल्लाह भेटला. म्हणाला, मला साद बिन इब्राहीमनी सांगितली. तिथे मालिक बिन अनस होते, ते म्हणाले, साद मदिनेत आहेत, यंदा हजला आले नाहीत. गेलो मदिनेला. साद म्हणाले, अहो ही तर तुमच्याकडचीच, बसऱ्याच्या झियाद बिन मिख्राकने मला सांगितली. मनात म्हटलं, काय ही हदीस, आत्ता कूफ्याची होती, मग मक्केची झाली, मग मदिनेची, आता बसऱ्याची! बसऱ्याला आलो, झियादला गाठलं. तो म्हणतो, ही तुमच्या कामाची नाही. मी म्हटलं, सांग. म्हणाला, नको तुम्हाला ती. मी म्हटलं, सांग तर खरं. तेव्हा म्हणाला, मला शहर बिन हौशबने सांगितली, त्याला अबू रैहानाने, त्याला उकबांनी.

शहर बिन हौशबचं नाव आलं आणि शोअबा म्हणतात, या माणसाने माझी हदीस उद्ध्वस्त केली. ही जर मला खरी म्हणून मिळाली असती तर माझं घरदार, माझी संपत्ती आणि सगळ्या जगापेक्षा मला ती प्यारी झाली असती.

हे वाचून मी मोबाईल खाली ठेवला. माझ्या मनातल्या कोरडेपणाच्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं होतं. चीनच्या वाक्यावर माझं जेवढं प्रेम होतं त्याच्या कित्येक पट प्रेम या माणसाचं त्या दोन रकातच्या हदीसवर होतं, उन्हातान्हात वाळवंटातून तिच्या मागे गेला, झियाद दोनदा नको म्हणत असताना तिसऱ्यांदा विचारलं, म्हणजे ऐकायला मिळणारं नाव आपलं मन मोडणार याचा अंदाज त्याला आला असणारच. तरी विचारलं. आणि नाव कळल्यावर डोळे झाकून पुढे गेला नाही.

शहर बिन हौशबबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे मला शोअबांचीच बाजू सरळ घेता येत नाही. त्याच्यावर आरोप होता खजिन्यातली पैशाची थैली उचलल्याचा, एका थैलीसाठी याने दीन, म्हणजे धर्म, विकला असा शेरही लोकांत फिरत होता. पण पुढे इमाम अहमद आणि यह्या बिन मईन यांच्यासारख्या हदीसच्या जाणकारांनी त्याला भरवशाचा म्हटलंय. म्हणजे शोअबांनी ज्याच्यापायी जीव तोडून सोडून दिली तो माणूस कदाचित एवढा वाईट नव्हता. असं त्यांचं आणखी एकदा झालंय. मिन्हाल बिन अम्रकडे गेले, दारातून तंबोऱ्याचा आवाज आला, तसेच माघारी फिरले आणि त्याला सोडून दिलं. वहब बिन जरीर त्यांना म्हणाला, विचारायचं तरी, त्याला माहीतही नसेल कदाचित. मला वहबचं पटतं. घरातून येणारं वाजवणं ऐकून माणसाची जबान खोटी ठरवायची हे काही मला झेपत नाही, आणि इमाम बुखारींनाही नसावं झेपलं, कारण मिन्हालकडून आलेली हदीस त्यांनी आपल्या संग्रहात घेतलीय. पण एक आहे, शोअबांच्या या अतिरेकाचा तोटा त्यांनाच झाला, त्यांच्याच हातातून हदीसा गेल्या. दुसऱ्याचं तोडून स्वतःचं वाढवणं त्यात कुठेच नाही.

आणि लोकांबद्दल असं बोलायचं त्यांना सुख होतं असंही नाही. अबान बिन अबी अय्याश म्हणून एक रावी, फार इबादत करणारा भला माणूस, पण शोअबा त्याच्या हदीसबद्दल उघड बोलायचे. हम्माद बिन झैद आणि आणखी दोघं त्यांच्याकडे गेले, म्हणाले, त्याचं नाव घेणं जरा थांबवा. शोअबा विरघळले, बरं म्हणाले. मग एक दिवस हम्माद जुम्याच्या नमाजला चाललेत आणि मागून हाक येतेय. शोअबा. "तुम्ही जे म्हणाला होतात ना, ते मला नाही जमायचं." रस्त्यात हाक मारून सांगितलं, कारण शब्द दिला होता आणि आता तो पाळवत नव्हता. एरवी याच माणसासमोर कुणी गाढव मेलं म्हणून रडत आलं तर किंमत विचारून खिशातले होते नव्हते ते तीन दिनार काढून देणारा. हजरत सुफियान सौरी त्यांना हदीसमधले अमीरुल मोमिनीन, म्हणजे श्रद्धावंतांचे नेते, म्हणायचे आणि इमाम शाफई म्हणाले की शोअबा नसते तर इराकमध्ये हदीस कळलीच नसती. ते स्वतः काय म्हणायचे? मी हमामखान्यात जाळ घालणारा असतो आणि हदीस मला येत नसती तर बरं झालं असतं. एवढी भीती वाटायची त्यांना, आपल्या तोंडून एखादा शब्द प्रेषितांच्या नावावर जास्तीचा जाईल याची. मेल्यावर माझी पुस्तकं धुऊन टाक असं मुलाला सांगून गेले, आणि मुलाने शाई धुतली.

आता एक अवघड गोष्ट. ती थप्पड, ते रडणं, मक्का, मदिना, ही जी हकीकत मी वर एवढी रंगून सांगितली ती सांगणारा नस्र बिन हम्माद, याला यह्या बिन मईन सरळ खोटारडा म्हणतात. नसाईंनीही त्याला भरवशाचा मानलं नाही. आणि हीच हकीकत बिश्र बिन मुफद्दल, जे पक्के रावी आहेत, त्यांच्याकडूनही आलीय पण ती बघा किती आटोपशीर आहे. बिश्र म्हणतात, इस्राईलकडून ही हदीस ऐकून मी शोअबांकडे गेलो, तर ते म्हणाले, अरे वेड्या, ही मला अबू इस्हाकनीच सांगितली होती, मी विचारलं अब्दुल्लाह बिन अता कोण, ते म्हणाले बसऱ्याचा एक तरुण. मग मी बसऱ्यात त्याची चौकशी केली, तो बाहेरगावी गेला होता, आल्यावर विचारलं, त्याने झियादचं नाव सांगितलं, झियाद म्हणाला आमच्या कुणीतरी साथीदाराने शहर बिन हौशबकडून सांगितली. संपलं. थप्पड नाही, मक्का नाही, "उद्ध्वस्त केली" नाही.

हे समजल्यावर मी दोन दिवस नाराज होते, खरंच. कारण मला लांबलचक गोष्टच हवी होती. कूफ्याची मक्केची झाली, मग मदिनेची झाली, हे वाक्य मला सोडवत नाही. पण गाभा दोन्हीकडे तोच आहे, विचारत विचारत शहरपर्यंत जाणं, आणि तेवढं पक्क्या हातातून आलंय. बाकीचं मी नस्रच्या नावावर ठेवते, सांगायचं झालं तर त्याच्या नावासकट सांगते, जसं आत्ता सांगितलं. चीनच्या वाक्याचंही मी तेच करायचं ठरवलंय. भाचीला सांगेन तेव्हा म्हणेन, हे तुझ्या पणजीने म्हटलं होतं, भाकऱ्या थापताना, मला तुझ्या फुफीआजीने सांगितलं आणि ती तेव्हा दाराआड उभी राहून ऐकत होती. ही सनद माझ्या हातात आहे, यातलं प्रत्येक माणूस मी बघितलंय. दादीने दादांना दिलेलं ते उत्तर दादीचंच आहे, आणि दादीचं म्हणून त्याची किंमत माझ्यासाठी तसूभरही कमी होत नाही.

आणि त्या दोन रकातच्या हदीसचं काय झालं? ती सही मुस्लिममध्ये, म्हणजे हदीसच्या सगळ्यात भरवशाच्या संग्रहांपैकी एकात, आहे. हो, उकबा बिन आमिर यांच्याचकडून. पुढे इजिप्तचे गव्हर्नर झालेले उकबा (रजि.) सांगतायत, उंट राखायची माझी पाळी होती, संध्याकाळी मी उंट परत आणले आणि पोचलो तर प्रेषित (स.) उभे राहून लोकांशी बोलत होते. मला एवढंच ऐकू आलं, की जो मुसलमान नीट वुजू करून मनापासून दोन रकात पढतो त्याला जन्नत मिळालीच. मी म्हटलं, काय छान आहे हे! तर समोरून कुणीतरी म्हणालं, याच्या आधीचं याहून छान होतं. बघितलं तर उमर (रजि.). म्हणाले, तू आत्ताच आलास हे मी पाहिलं, त्याआधी ते म्हणाले की जो नीट वुजू करून शहादा, म्हणजे श्रद्धेची साक्ष, म्हणतो त्याच्यासाठी जन्नतचे आठही दरवाजे उघडतात, हव्या त्या दरवाजाने त्याने जावं. मला यात सगळ्यात जास्त आवडतं ते हे की उकबा स्वतः न ऐकलेलं स्वतःचं म्हणून सांगत नाहीत. उशीर झाला होता, अर्धं उमरनी सांगितलं, तेही तसंच्या तसं सांगून टाकतात, उंटांसकट.

ही हदीस उकबांकडून गेली शामला, म्हणजे सीरियाकडे, दमास्कसचे काझी अबू इद्रीस खौलानी यांच्याकडे. त्यांच्याकडून रबीआ बिन यझीद, तेही दमास्कसचेच. त्यांच्याकडून हिम्सचे मुआविया बिन सालिह, जे पुढे पार अंदलुसला, म्हणजे स्पेनकडे, जाऊन काझी झाले. शोअबा कूफ्यात विचारत होते, बसऱ्यात विचारत होते, नस्रचं मानलं तर मक्का मदिनेतही, आणि पक्की वाट शामवरून जात होती. मुआवियांकडून ती घेतली अब्दुर्रहमान बिन महदींनी, म्हणजे सराफाचा दाखला देणारे तेच, बसऱ्याचे, शोअबांचे शिष्य.